चालू स्थितीत मिळाले

वरच्या साहेबांनो, कानाच्या ओपीडीतला पडदा तुम्ही काळा ठेवला. वंदनानं नाही, दुकानदारानं नाही, त्या बिचाऱ्या लिनक्सनं तर मुळीच नाही. तुम्ही.

त्या सरकारी दवाखान्यात कानाच्या खोलीबाहेर कोण बसतं? ज्यांना ऐकू येत नाही ते. आणि त्यांचा नंबर कसा सांगतात? शिपाई दारात उभा राहून ओरडतो. याचं कुणाला हसू येत नव्हतं, कारण वर्षानुवर्षं तेच चाललेलं. नोंदणीच्या खिडकीवरच्या वंदनाला मात्र ते सलायचं. ती कंत्राटी ऑपरेटर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने.

कॉम्प्युटर चालवायला विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकट आहे, असा हुकूम वरून आला तेव्हा तिनंच घरी शिकून ते मशीनवर चढवलं होतं. एक पडदा तिच्यासमोर, दुसरा डोळ्यांच्या खोलीबाहेर. तिसरा कुणीतरी दान दिलेला, कानाच्या खोलीबाहेर टांगलेला. पण मशीनला पडदा जोडायची सॉकेटं दोनच. जास्त सॉकेटांचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आणि तेही स्वस्तातलं.

रविवारी ती बर्डीच्या बाजारात ऋषीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. त्यानं दोन कार्डं काउंटरवर ठेवली.

"ताई, हे चार सॉकेटचं. स्वस्त हाय, पण घेऊ नका."

"काहून?"

"सॉकेटं चार, पण एका टायमाले पेटते दोनच. अन् याचा ड्रायव्हर, म्हंजे याले चालवणारा प्रोग्राम, कंपनीनं सोडून देल्ला. लिनक्स अपडेट झालं का हे रुसते. हे दुसरं पाहा. तीनच सॉकेटं, पण तिन्ही संगच पेटते. ड्रायव्हर लिनक्समंधीच राहते. सातशे जास्त जातीन."

"मशीनची आधीची दोन हायेत ना पण?"

"कार्ड बसवलं का तुमच्या मशीनची ते दोन बंद पडते. अशेच बनवले लेकाच्यांनी."

तिनं हे सगळं पानभर लिहून भांडारातल्या मार्तंडरावांकडे दिलं. तीन दुकानांची कोटेशनं, त्यांचा तक्ता, ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर, हा तिथला वेद. तक्त्यात रकाने तीन: वस्तू, सॉकेटसंख्या, दर.

"मॅडम, चार मोठे का तीन?"

"मार्तंडभाऊ, एका वेळी पेटतात किती, ते पाहा ना."

"त्याले रकाना कुठी हाय? नमुना वरून येते. चारवालं सोडून तीनवाल्याले जास्त पैसे देल्ले, तर ऑडिटवाला माह्या पेन्शनमधून काढन. तो काय तुमचं लिनक्स पायते?"

माणूस वाईट नव्हता. तिचं पान त्यांनी फायलीला टाचलंसुद्धा. टाचणीला रकाना लागत नाही.

खोकं आलं. चारवालंच. ते फोडायच्या आधी मार्तंडरावांनी नोंदवही पुढे सरकवली. छापील ओळ होती: चालू स्थितीत मिळाले.

"न पाहता सही कशी करू?"

"सहीबिगर वस्तू भांडाराच्या बाहेर जात नाही, मॅडम. अन् बाहेर गेल्याबिगर तुम्ही चालवान कशी?"

महिनाअखेर तिची नेमणुकीची ऑर्डर संपत होती, वाद परवडणारा नव्हता. शिवाय ऋषी चुकलाही असेल, अशी वेडी आशा. तिनं सही केली.

दोनच पेटले. तिनं वायरी अदलून-बदलून पाहिल्या, डोकं आपटायचं तेवढं आपटलं. तिसरा काळा तो काळाच. तक्रार केली तर उत्तर आलं: वस्तू चालू स्थितीत मिळाल्याची आपली स्वाक्षरी आहे.

आणि बुधवारी धोंडबा आला. कोळशाच्या ट्रकावर जन्म काढला, इंजिनानं कान खाल्ले. त्या दिवशी त्याला कानयंत्र बसायचं होतं. महिन्यापूर्वी वंदनानंच त्याला हातवारे करून सांगितलं होतं, भिंतीवर नंबर दिसेल, तिकडे पाहत बसा. मग ते सगळं तिच्या डोक्यातून गेलं, आणि म्हातारा शहाण्या लेकरासारखा पाहत बसला. शिपाई "एक्केचाळीस" तीनदा ओरडला. धोंडबाची चिठ्ठी मुठीत आणि नजर काळ्या पडद्यावर. खिडकीवरची रांग हटली तेव्हा तो वंदनाला दिसला. तोवर ओपीडी संपली होती.

"काहून वं माय, माहा नंबर नाही आला?" बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलला. सगळा व्हरांडा वळून पाहू लागला.

तिनं चिठ्ठीमागं पुढची तारीख लिहून दिली. तीन महिन्यांनंतरची. त्यानं ती डोळ्यांजवळ धरून वाचली, मग पडद्याकडे बोट केलं.

"तवा तरी दिसन ना याच्यात?"

तिनं चिठ्ठी घडी करून त्याच्या खिशात ठेवली. तो कोराडीच्या बसकडे निघून गेला.

सोमवारी वरून पत्र आलं. दानातला पडदा बंद ठेवून रुग्णाची गैरसोय केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. वंदनानं आधी 'दिलगीर आहे' असं लिहिलं. कागद फाडला. दुसरा घेतला.

"चार सॉकेटांपैकी दोनच पेटतात, हे मी खरेदीआधी लेखी कळवलं होतं. पान फायलीत आहे. सही माझी आहे, ती बंद खोक्यावर घेतली गेली. आता आपण खुलासा करावा. एक्केचाळीस हा आकडा धोंडबांनी कोणत्या कानानं ऐकायचा होता? रकाना नसेल तरी उत्तर द्या. लेखी द्या. तीन दिवसांत द्या."