चपट्या तारा

मोनालीनं अंगठ्याचं नख गिटारच्या तारेवर टेकवलं आणि हळूच खाली ओढलं. चर्र असा आवाज झाला. मग दुकानदारानं पुढं केलेल्या दुसऱ्या तारेवरून तिनं तसंच नख फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. खात्री पटेना म्हणून तिनं तार कानाजवळ नेली आणि पुन्हा नख ओढलं.

"फ्लॅट आहे ती," नागपूरचा तो म्हातारा दुकानदार म्हणाला. "पहिलीवर गोल तार गुंडाळलेली आहे, म्हणून खाचा लागतात. हिच्यावर चपटी पट्टी आहे. खाचाच नाहीत, तर बोट बोलणार कुठून?"

काउंटरवर तिची बेस गिटार आडवी ठेवली होती. यवतमाळहून एसटीत ती वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणलेली. नेहमीच्या बेसपेक्षा तिची मान बरीच आखूड होती. संघदीपनं, म्हणजे मोनालीच्या नवऱ्यानं, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून ती स्वतःसाठी घेतली होती. पण त्याची जाड बोटं तिच्यावर एकमेकांत अडकायची. एका दुपारी मोनालीनं ती सहज मांडीवर घेतली आणि तिची बोटं जिथल्या तिथं जाऊन बसली. तेव्हापासून यवतमाळच्या लोहाऱ्यातल्या त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत संघदीप कीबोर्डवर आणि ती बेसवर, असं ठरूनच गेलं.

दुकानात फ्लॅट तारांची दोनच पाकिटं होती. एक नवंकोरं, चकचकीत. दुसरं जुनं, कडा मऊ पडलेलं. मोनालीनं आधी चकचकीत पाकिटातली जाड तार काढून गिटारवर लांबीनं धरून पाहिली. तारेचा जाड भाग मान संपली तरी संपेना. थेट खुंटीपर्यंत गेला.

"ही लांब गिटारची. कापून बसेल," दुकानदार म्हणाला, आणि मग त्यालाच राहवलं नाही. "पण नको. जाड भाग खुंटीवर वळवला की पट्टी उकलते, तार बसकी वाजते. आखूड गिटारले आखूडच तार पाहिजे. ही जुन्या पाकिटातली आखूड आहे, लावून पाह्य."

त्यानं एक तार चढवून दिली. मोनालीनं ती छेडली. तिच्या गोल तारांचा स्वर घंटेसारखा होता, वाजल्यावर बराच वेळ रेंगाळायचा. हा तसा नव्हता. डग्ग्यावर तळहात दाबून काढलेल्या घुमाऱ्यासारखा तो आला, काउंटरच्या लाकडात उतरला आणि संपला. तिनं बोट खालून वर सरकवलं. सरकल्याची खूणही कुठं उमटली नाही.

"चमक कमी आहे," दुकानदार म्हणाला. "पोरं नेतात अन् परत आणून देतात."

"आमच्या गाणाऱ्याचा आवाज बारीक आहे."

"किती बारीक?"

मोनालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आपला आवाज अगदी खाली नेला. "एवढा," ती म्हणाली.

दुकानदार थोडा पुढं वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला, मग जुनं पाकीट त्यानं तिच्याकडं सरकवलं.

तो बारीक आवाज तिच्या सासऱ्यांचा, उकंडामामाजींचा होता. एके काळी वणीपासून महागावपर्यंत कुठल्याही जयंतीला त्यांना माइक लागत नसे. मांडवाच्या शेवटी उभं राहून लुगडी सावरत ऐकणाऱ्या बायांनाही शब्द न् शब्द कळायचा, असं सासूबाई कांताबाई सांगत. मग जिनीतल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कामाची वर्षं झाली. रुईची भुकटी छातीत बसत गेली आणि आवाज आतून पोखरला गेला. आता दोन हजार सहा साल चाललं होतं. कापसाचा भाव पडलेला, जिनी भर हंगामात बंद पडत होत्या, आणि मामाजींना कायमचं घरी बसवलं होतं. उरलेला आवाज बारीक होता, पण सुरात होता. त्यांच्या ओठांशी माइक नेला की तो कळायचा. अडचण एवढीच, की मोनालीचं बोट गोल तारेवरून सरकलं की तीही चरचर भोंग्यातून यायची आणि नेमकी मामाजींच्या शब्दांवर जाऊन बसायची.

दीक्षेचं ते पन्नासावं वर्ष. मुकुटबनला नव्या विहाराचं उद्घाटन होतं आणि तिथल्या लोकांनी मामाजींनाच बोलावलं होतं. "हे एक गातो," ते म्हणाले होते. "मंग मी मांडवात बसून तुमचं ऐकीन." कांताबाईंनी तेव्हा त्यांच्यापुढं वाफेचं भांडं आणून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी घरात तालीम बसली. मोनालीनं चारही तारा चढवून सूर लावले. ढोलकीवर शेजारचा रोशन होता. कांताबाई दाराशी सुपात तूर पाखडत होत्या. मामाजी माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी स्वतः रचलेलं गाणं घेतलं. त्यांची माय नागपूरला दीक्षेला चालत गेली, तेव्हा ते तिच्या कडेवर होते. त्याचं ते गाणं.

कडेवर मी निजलेला, माय चालली दीक्षेला,
जाग आली तेव्हा होता नवा उजेड वाटेला.

पहिल्या ओळीतच रोशननं मान वर करून मोनालीकडं पाहिलं. संघदीप तर वाजवता वाजवता हसला. मामाजींचा आवाज एवढा उघडा त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. खाली बेस होता, पण बेस वाजतोय असं वाटतच नव्हतं. जमीन शेणानं सारवून तयार करावी आणि तिच्यावर कुणी अनवाणी चालत यावं, तसा तो आवाज येत होता. हे आपल्या बोटांनी होतंय, यावर मोनालीचा विश्वास बसेना.

दुसऱ्या कडव्याआधी सगळे थांबले, तेव्हा तिला काहीतरी ऐकू आलं. सूं... सूं... फाटक्या भात्यातून वारा जावा तसं. तिनं भोंग्याकडं पाहिलं. वायर हलवून पाहिली. गिटारचा आवाज कमी केला, मग पिनच उपटून काढली. आवाज येतच राहिला. तो माइकमधून येत होता. मामाजी डोळे मिटून उभे होते आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेत होते.

दाराशी सूप थांबलं होतं.

मामाजींनी डोळे उघडले. "बंद काहून केलं?"

"वायर सैल झालती," मोनाली म्हणाली आणि पिन परत लावली.

घरात तो श्वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. पहाटे भिंतीपलीकडून तो रोज यायचा. पण गाण्यात तो कुणी कधी ऐकला नव्हता. इतके दिवस तिच्या जुन्या तारांची चरचर आणि रेंगाळणारा स्वर त्याच्यावर पांघरूण घालत होते, आणि ते पांघरूण तिनंच नागपूरला जाऊन काढून टाकलं होतं.

दुपारी सगळे पांगल्यावर ती ओट्यावर गिटार घेऊन बसली. जुन्या गोल तारा तिनं बाजूला गुंडाळून ठेवल्या होत्या. तिनं नव्या जाड तारेची खुंटी सैल करायला घेतली. तेवढ्यात मामाजी बाहेर आले.

"काय करून राह्यली?"

"जुन्या तारा लावतो, मामाजी."

"कायले? चांगल्या वाजून राह्यल्या ना."

मोनाली खुंटी फिरवत राहिली. तार ढिली पडून लोंबली. "ह्या तारा गप बसतात," ती म्हणाली. "मंग बाकीचं समदं ऐकू येते."

मामाजी तिच्या शेजारी बसले. बसताना त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागला, आणि मग आधी श्वास जमवावा लागला.

"ते मीबी ऐकलं," ते म्हणाले. "मले वाटे, माहा श्वास ओळ सरल्यावर तुटते. नाही. मधातच तुटते. 'निजलेला' म्हणलं का तिथंच. आजपावतो समजलंच नोतं."

"लोकाइले ऐकू जाईन ना."

"जाईन."

"तुमचा तो मोठा आवाज ऐकलेले लोक आहेत ते, मामाजी."

मामाजींनी लोंबणारी तार दोन बोटांत धरली आणि तिच्यावरून हात फिरवला, एकदा खाली, एकदा वर. "तो जिनीत गेला, बाई," ते म्हणाले. "हा राह्यला. जो राह्यला तोच नेतो मुकुटबनले." मग त्यांनी तार तिच्या हातात दिली. "घट्ट कर."

आत कांताबाई भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं असावं; भांड्यांचा आवाज मध्येच बंद झाला आणि मग पुन्हा सुरू झाला.

मुकुटबनला ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. विहाराच्या भिंतींना नव्या चुन्याचा वास होता. मांडव भरलेला होता. वेचणी आटोपून बाया तशाच आल्या होत्या. कुणाच्या केसांत, कुणाच्या पदरावर कापसाचे तुरे चिकटलेले होते. पुढच्या रांगेत मुकुटबनच्याच रुखमाबाई बसल्या होत्या. पूर्वी त्या यवतमाळला असायच्या आणि कांताबाईंच्या शेजारी बसून जिनीत कापसातला कचरा वेचायच्या. आता केस पांढरे झाले होते. त्यांनी कांताबाईंना हाताला धरून जवळ बसवलं, आणि पदराचा बोळा करून तोंडावर धरला तो धरलाच. त्यांच्या मागं आणखी काही बाया आणि चार-दोन म्हातारे पुरुष तसेच, पदर नाहीतर गमछा तोंडाशी धरून बसले होते. मोनालीला वाटलं, धुळीसाठी असेल.

मामाजींनी सगळ्यांना जयभीम केला आणि गाणं घेतलं. पहिली ओळ झाली. आणि तो श्वास मांडवभर पसरला. भोंगे मोठे होते. घरात जे सूं वाटलं होतं ते इथं घरघर होऊन आलं. मांडवात चुळबुळ झाली. कार्यकर्त्यांपैकी एक जण माइकमध्ये बिघाड आहे असं समजून वायर पाहायला उठला. रुखमाबाईंनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बस," त्या हळूच म्हणाल्या. "माइक चांगला हाये."

तो खाली बसला.

मोनाली वाजवत राहिली. मामाजींनी तीच ओळ पुन्हा घेतली, 'निजलेला'पर्यंत आले आणि थांबले. अशा रिकाम्या जागी बेसनं दोन-चार स्वर टाकून जागा भरायची, हे तिला पाठ होतं. तिची बोटं त्यासाठी उचललीही गेली. पण तिनं ती तारांवर टेकवून ठेवली. रोशननं तिच्याकडं पाहून ढोलकीवरचा हात थांबवला. संघदीपनंही बोटं काढून घेतली. मंचावर काहीच वाजत नव्हतं. एकटा माणूस श्वास घेत होता.

आणि त्या शांततेत मोनालीला दुसरा श्वास ऐकू आला. तो भोंग्यातून येत नव्हता. समोरून येत होता. मग आणखी एक, त्याच्या मागून. रुखमाबाईंचा. त्यांच्या मागच्या बाईचा. गमछा धरलेल्या म्हाताऱ्याचा. तीच घरघर, कुणाची बारीक, कुणाची ओली. गाण्यात अडथळा नको म्हणून जिनीत राबलेली ही माणसं केव्हाची पदरात तोंड दाबून बसली होती. आता एकेक पदर खाली येत होता. मोनालीनं आयुष्यात एवढी माणसं एकत्र श्वास घेताना कधी ऐकली नव्हती. मांडवाची कनात सावकाश फुगावी आणि ओसरावी तसा तो आवाज सगळीकडून येत होता, आणि त्याच्या मधोमध मामाजी उभे होते, डोळे उघडे ठेवून, समोरच्या एकेका चेहऱ्याकडं पाहत.

त्यांचा श्वास भरला. "माय चालली दीक्षेला," त्यांनी घेतलं, आणि मोनालीनं त्यांच्या पहिल्या अक्षराखाली एकच स्वर ठेवला.

पुढं सगळं गाणं तसंच झालं. ताल रोशनचा राहिला नाही की कुणाचा. मामाजी थांबले की मंच थांबायचा, मांडव थांबायचा. ते निघाले की निघायचा. मोनाली तारांकडं पाहतच नव्हती. ती त्यांच्या पाठीकडं, सदऱ्याखाली वर येणाऱ्या खांद्यांकडं पाहत होती आणि ते खाली आले की वाजवत होती. गाणं तालमीपेक्षा कितीतरी लांबलं. कुणी उठलं नाही. मांडवाच्या बाहेर सायकली धरून उभी असलेली माणसंही आत सरकून बसली.

शेवटची ओळ उरली होती. मामाजींनी माइकवर हात ठेवला, श्वास घेतला, आणि ते तोंड उघडणार तेवढ्यात रुखमाबाईंना खोकला आला. चांगलाच मोठा, थांबता थांबेना असा. शेजारच्या बाया त्यांच्याकडं वळल्या. त्यांनी घाईनं पदर तोंडाशी नेला.

मामाजींनी मान हलवून त्यांना नको म्हटलं.

रुखमाबाईंचा पदर खाली गेला. कांताबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. खोकला त्याच्या त्याच्या वेळेनं चालू राहिला, मग विरळ झाला, मग थांबला. मामाजींनी तोवर मंचावर उभं राहून वाट पाहिली. त्यांनी मोनालीकडं वळून पाहिलं, तिचं बोट जागेवर आहे ना ते, आणि मग शेवटची ओळ घेतली.