अमावस्येसाठी ठेवलेल्या आठ सीड्या

लग्नात डीजे वाजवणाऱ्याला सुट्टी फक्त अमावस्येला. म्हणून पार्सलातून आलेला तो डबा मी एकदाच उघडून पाहिला आणि चार दिवस कपाटावर ठेवून दिला.

डब्यात आठ सीड्या होत्या. ज्या इंग्रजी बँडपासून हेवी मेटल हे दणदणाटी संगीत सुरू झालं असं म्हणतात, त्यांचे आठ अल्बम, जुन्या टेपांवरून नव्यानं स्वच्छ करून काढलेले. अकोल्याला पॉलिटेक्निकच्या होस्टेलात मी ते घासलेल्या कॅसेटवर ऐकले होते. त्यात ड्रम आणि बेस असे कालवलेले, की वरण कुठलं आणि भात कुठला ते कळू नये. आता म्हणे प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. एकदाच. डावा कान गेलाच होता आणि उजव्याचंही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "चाललाय. डीजे बंद करा, नाहीतर लवकर जाईल." डीजे बंद करून काय मालेगावच्या बसस्टँडवर भजी तळू?

घरी कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या डीजेवाल्याला कोण बोलावणार? शिवाय आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या स्पीकरांना पहिल्या दिवसापासून नावं ठेवलेली. "सांगलं होतं ना तुले" हे त्यांच्या तोंडून ऐकायची माझी बिलकूल तयारी नव्हती. मग मी युक्ती काढली. कुणी काही बोललं की मान हलवायची. हो म्हटलं की माणसं खूश होऊन निघून जातात. सुचिता, माझी बायको, तर म्हणायला लागली होती की लग्नाला दहा वर्षं झाल्यावर नवरा सुधारला.

अमावस्येला सकाळी उठलो तर उजवा कान गच्च. सर्दी असेल म्हटलं. भीती वाटली, पण भीती वाटतेय म्हणून तर घाई करायची होती. कपाटावरून डबा काढला, उघडला. आत एकही सीडी नव्हती.

मागच्या वर्षी आबांनी पाखरं हाकलायला मक्यावर सीड्या टांगल्या होत्या, ते आठवलं. तसाच अनवाणी शेताकडं पळालो. लांबूनच चमचम दिसली. मक्यावरून ओढलेल्या तारेला सुतळीनं बांधलेल्या माझ्या सीड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. एका सीडीच्या शेजारीच पोपट निवांत कणीस सोलत बसला होता.

"आबा! कायले आणल्या ह्या?"

आबांचं बोलणं मी बरंचसं ओठांवरूनच ओळखलं. "तुलेच इचारलं ना बावा! कपाटावरच्या सीड्या मक्यात नेऊ काय म्हटलं, तं तू मुंडी हालवली. मागच्या साली तूच तं लग्नाच्या जुन्या सीड्या देल्या होत्या!"

हलवली असणार. दिवसभरात पन्नास वेळा हलवत होतो.

मी आबांवर ओरडलो, पोपटांवर ओरडलो, मग मक्यात घुसून एकेक सुतळी तोडत सुटलो. तारेवर घासून सात सीड्या पार ओरबाडल्या होत्या. छत्तीस वर्षांचा बाप्या मी, त्या सात सीड्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकल्या आणि ढसाढसा रडलो. आठवी विहिरीजवळच्या बाभळीला एकटीच टांगलेली होती. तिच्यावर नुसती धूळ होती. त्यांचा पहिलाच अल्बम. देव इतकाही वाईट नाही, असं वाटलं.

घरी येऊन मऊ फडक्यानं ती पुसली. धंद्यातले मोठे स्पीकर जोडले. सीडी प्लेअरमध्ये सरकवली आणि उजवा कान स्पीकरजवळ नेला.

काहीच नाही.

आवाज अर्ध्यावर नेला. काही नाही. पूर्ण फिरवला. "गेली! हेपण गेली!" मी रडत स्पीकरवर हात आपटला आणि हात तिथंच थांबला. तळव्याखाली जाळी थरथरत होती. एक, दोन, मग धडाधड. ड्रम वाजत होते. मी वळून पाहिलं. सुचिता स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती. अंगणात वासरू दावं ओढून उधळलं होतं.

आबा धुऱ्यावरच्या सातही सीड्या दुपट्ट्यात गोळा करून घेऊन आले होते. बिचारे उंबऱ्यातच उभे राहून काहीतरी विचारत होते. वाजली का, चांगली आहे का, असंच असेल. चेहरा इतका ओशाळलेला, की माझी मान सवयीनं हलायला लागली.

मी ती थांबवली.

"आबा," मी म्हणालो. किती मोठ्यानं म्हणालो, मला ठाऊक नाही. "मले ऐकूच नाही येऊन राह्यलं."

आबांच्या हातून दुपट्टा सुटला. सातही सीड्या फरशीवर पडल्या, एक गोल फिरत माझ्या पायापाशी येऊन आडवी झाली. आवाज झाला असेल.