चाळीस मिनिटांचा बर्फ

मिस्त्री तीस वर्षं थंडीवर जगले होते. हॉटेलांचे फ्रीज, औषधांच्या दुकानातल्या शीतपेट्या, फुलं आणि दूध साठवायच्या खोल्या, जिथे म्हणून काही गार राहायला हवं आणि राहत नाही, तिथे मिस्त्रींना बोलावणं जायचं. त्यामुळे पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या किडनीतली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी पाठीतून सुया घालून गोठवली, तेव्हा आपण आजारी आहोत हेच हा गडी विसरला. ज्याला त्याला सांगत सुटला, की बघा, शेवटी आपल्याच लायनीतला इलाज निघाला. कापाकापी नाही, टाके नाहीत, गार केलं आणि विषय संपला.

आणि आता डॉक्टरबाई फोटोवर पेनाचं टोक ठेवून सांगत होत्या, की विषय संपलेला नाही.

"एवढा भाग जिवंत राहिला. तेव्हा वाटाण्याएवढा होता, आता द्राक्षाएवढा झालाय."

मिस्त्रींनी चष्मा पुसला, परत घातला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. त्यातलं त्यांना ढिम्म काही कळलं नाही, पण तसं कबूल करतील तर ते मिस्त्री कसले.

"मग परत गोठवा," ते म्हणाले. "गॅस कमी पडला असेल. एकदा गॅस कमी पडला म्हणून कुणी फ्रीज फोडत नाही."

"गॅस पुरेसा होता. जागा वाईट आहे." डॉक्टरबाईंनी कागदावर किडनी काढली आणि तिला लागून एक जाड नळी. "ही रक्ताची मोठी वाहिनी. गाठीचं हे टोक तिला चिकटलंय. आम्ही बाहेरून गार करत होतो आणि आत गरम रक्त वाहत होतं."

 हे मिस्त्रींना कुणी समजावून सांगायला नको होतं. दुधाच्या एका खोलीत भिंतीपलीकडून गरम पाण्याचा पाइप गेला होता, त्या भिंतीला टेकलेले कॅन काही केल्या गार व्हायचे नाहीत. दोन महिने डोकं फोडून शेवटी मिस्त्रींनीच तो पाइप हलवायला लावला होता. इथे पाइप हलवायची सोय नव्हती.

"म्हणजे कापायचं," शेजारच्या खुर्चीतून त्यांची बायको म्हणाली. तिला आडून बोलणं कधी जमलंच नाही.

"कापायचं. वाहिनीला चिमटा लावून रक्त थांबवायचं, गाठ काढायची, किडनी शिवायची आणि चिमटा सोडायचा. त्यानंतर उरलेली किडनी चालायला हवी, एवढंच. पण महिन्याच्या आत ठरवा. गाठ वाहिनीत शिरली तर किडनी राहू दे, तुम्हालाच वाचवणं अवघड होईल."

एवढंच, म्हणे. चारचौघांना दोन किडन्या असतात, मिस्त्रींना एकच होती. दुसरी अकरा वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकली होती, त्याच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा. धाकटा शाळेत गणित शिकवायचा आणि दादाच्या किडनीवर ठणठणीत होता. या गाठीनंतर त्याचीही तपासणी झाली होती, त्याच्याकडची किडनी स्वच्छ निघाली. पण मिस्त्रींची ही एक बंद पडली की आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं, दुसरा मार्ग नाही.

"नाही जमणार," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

पुढचे आठ दिवस त्यांनी घरात कुणाला तोंडच उघडू दिलं नाही. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडायचे, संध्याकाळी दमून यायचे, जेवताना रेडिओ मोठा करायचे. नवव्या दिवशी बायकोने रेडिओची वायर काढून कपाटात ठेवली आणि समोर येऊन बसली.

"खुर्चीत बसायला घाबरताय का?"

"मी कशाला घाबरू? खुर्चीत बसायला काय लागतं?"

"मग?"

मिस्त्रींनी ताट सरकवलं. "मी त्या खुर्चीत बसलो की तो येऊन दारात उभा राहणार. तोंडाने काही बोलणार नाही, नुसता बघणार. आपण दादाची एक घेतली नसती तर, हेच मरेपर्यंत त्याच्या डोक्यात. तो जगेल गं, पण त्याला जगणं गोड लागणार नाही. मग मी दिली कशाला?"

"आणि तुम्ही गेलात की तो काय आनंदाने नाचणार आहे?"

 मिस्त्री उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बोलावलं म्हणून धाकटा आला. एरवी मोठ्या भावासमोर आवाज न चढवणारा माणूस, चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

"दादा, माझ्यातली काढून घे."

"दिलेली वस्तू मी परत घेत नसतो. आणि अकरा वर्षं वापरून जुनी केलीस ती. गप बस."

"मग मी गोळ्या बंद करतो," धाकटा शांतपणे म्हणाला. "रोज त्या गोळ्या घेतो म्हणून तुझी किडनी माझ्या अंगात टिकलीय. तू ऑपरेशनला नाही म्हणालास तर त्या दिवसापासून माझ्या गोळ्या बंद. तुला मरायची मुभा आणि मला नाही, हा कुठला हिशेब?"

मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यावर हात उगारला. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि खाली आला. धाकट्याचे डोळे भरले होते, पण मान खाली नव्हती. मेला वर्गात पोरांना असाच उभा करत असणार, असं मिस्त्रींच्या मनात आलं. त्यांना त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "पण प्रश्न मी विचारणार. तुम्ही दोघं मध्ये तोंड घालायचं नाही."

डॉक्टरबाईंना त्यांनी असे प्रश्न विचारले, जणू काही त्या त्यांच्या हाताखाली काम मागायला आल्या होत्या. रक्ताचा सप्लाय किती वेळ बंद ठेवणार? जास्तीत जास्त किती चालेल? त्याच्यापुढे काय बिघडतं?

"पंचवीस मिनिटांपुढे किडनी मरायला लागते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची गाठ अडचणीत आहे, मला चाळीस तरी लागतील. म्हणून किडनीभोवती बर्फ भरायचा. गार असली की तासभरसुद्धा दम धरते."

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. "बर्फ कसला?"

"सलाइनचा. बाटल्या गोठवतो आणि कापडात गुंडाळून हातोडीने फोडतो."

"हातोडीने." मिस्त्रींचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या घराण्याला नाव ठेवलं. "डॉक्टरबाई, खड्यांच्या मध्ये हवा राहते. खडा टेकला तिथे गार, बाकी सगळं गरम. एकदा तुमची थंडी कमी पडली ती अशीच ना?"

"बर्फाचं मशीन आहे. सलाइनचा मऊ बर्फ करणारं. दोन वर्षं बंद पडलंय. आता ते बनवणारेच राहिले नाहीत, म्हणून दुरुस्त करायला कुणी येत नाही."

"कुठाय?"

बायकोने कपाळाला हात लावला. तिला पुढचं सगळं दिसलं.

मशीन सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे पडलं होतं. हॉस्पिटलच्या इंजिनीअरने आधी आढेवेढे घेतले, पेशंटला यंत्राला हात कसा लावू देणार वगैरे. शेवटी तो म्हणाला, की उघडा, पण मी इथून हलणार नाही आणि नंतर तपासणी माझी. मिस्त्रींनी मागची जाळी काढली तर आत कपड्यांच्या तंतूंची गादी जमलेली. "याला श्वास कुठून घेता येणार बिचाऱ्याला," ते म्हणाले. ती गादी साफ केली. मग नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावत गेले. तिसऱ्या सांध्यावर फेसाला बारीक बुडबुडा आला, तसे मिस्त्री हरवलेला मित्र भेटावा तसे खूश झाले. गळती सापडली होती. सांधा जोडला, गॅस भरला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि चालू झालं.

त्यावर मिस्त्रींनी जे केलं ते त्यांच्या धंद्यातला कुणीही करेल. थंडीचा काटा जाईल तितका खाली नेला.

दोन तासांनी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर बघायला आल्या. स्टीलच्या गोल भांड्यात बर्फाची लादी झाली होती. सिस्टरांनी तिच्यावर टकटक करून पाहिलं.

"काका, हे कुणाच्या डोक्यात घालायचं असेल तर उत्तम आहे. आम्हाला चिखल पाहिजे. किडनीच्या अंगाला सगळीकडून बसेल असा. आणि तिला झोपवायचीय, मारायची नाहीये."

मिस्त्रींचे कान लाल झाले. तीस वर्षांत फार गार केलं अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध कुणी केली नव्हती. त्यांनी काटा वर घेतला. मग दुपारभर एकेक घर खाली, अर्धं घर वर, असं करत बसले. सिस्टर अधूनमधून येऊन चमचा फिरवायच्या आणि मान हलवायच्या. संध्याकाळी चमचा त्या बर्फात उभाही राहिला आणि बोटाने ढकलला तर आडवाही झाला.

"हाच," सिस्टर म्हणाल्या.

इंजिनीअरने दोन दिवस मशीन उलटंसुलटं तपासून सही केली. ऑपरेशनची तारीख ठरली, डॉक्टरबाईंनी दिलेला महिना संपायच्या चार दिवस आधीची.

टेबलावर झोपवल्यावर मिस्त्रींनी एकच विचारलं. "मशीन चालू आहे ना?"

"सकाळपासून. चिखल तयार आहे," सिस्टरांनी सांगितलं, आणि मिस्त्रींना बेशुद्ध केलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा बायको आणि धाकटा दोघंही एकदम उभे राहिले. गाठ पूर्ण निघाली होती. कडेचा तुकडा तिथल्या तिथे तपासला होता, तोही स्वच्छ होता. वाहिनी बरोबर चाळीस मिनिटं बंद होती आणि चिमटा सोडल्यावर किडनी पुन्हा गुलाबी झाली होती. "आता तिने लघवी बनवायला हवी," त्या म्हणाल्या.

ती काही बनवेना. मिस्त्रींच्या पलंगाला अडकवलेली पिशवी पहिल्या दिवशी जवळजवळ कोरडीच राहिली. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आणखी बिघडला. डायलिसिसची एक बाई येऊन मिस्त्रींची मान तपासून गेली, नळी कुठून घालायची ते बघायला. धाकटा खोलीत येईनासा झाला. काचेच्या दाराबाहेर उभा राहायचा आणि आत बघायचा. तोंडाने काही बोलत नव्हता. मिस्त्रींना ज्याची धास्ती होती ते अगदी तसंच्या तसं समोर उभं होतं, आणि टाक्यांपेक्षा त्यांना तेच जास्त दुखत होतं.

"लावायचं का डायलिसिसच्या मशीनवर?" त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"उद्यापर्यंत थांबू. किडनी घाबरलीय, मेलेली नाही."

हे मिस्त्रींना पटलं. फ्रीज आडवा करून आणला तर आतलं तेल खाली बसेपर्यंत दिवसभर उभा ठेवायचा आणि मगच बटण दाबायचं, हे त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना दरडावून सांगितलं होतं. घाई करणाऱ्यांचे कॉम्प्रेसर गेलेले त्यांनी पाहिले होते. "आडवी झालीय ती," ते बायकोला म्हणाले. "तेल खाली बसू दे." बायकोला काडीचं कळलं नाही, पण नवरा धंद्यातलं बोलतोय म्हणजे धीर आहे, एवढं तिने ओळखलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पेपर चाळत बसली होती. सहज नजर खाली गेली तर नळीत पिवळी रेघ. तिने पेपर टाकला आणि जमिनीवर उकिडवी बसून पिशवीला नाक टेकवल्यासारखी बघत राहिली. थेंब पडला. मग दुसरा. मग ते मोजण्यासारखे राहिले नाहीत.

"अहो," ती म्हणाली. एवढं मोठं झालेलं माणूस, पिशवीकडे बघत ढसाढसा रडायला लागलं.

तासाभरात शंभर मिली भरले. संध्याकाळपर्यंत पाचशे. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट सुधारला आणि डायलिसिसवाल्या बाईंनी नळीचं सामान गुंडाळून परत नेलं. डॉक्टरबाई पिशवी हातात उचलून, उजेडात धरून बघत होत्या. खुद्द सर्जनला असल्या गोष्टीकडे इतक्या कौतुकाने बघताना सिस्टरांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आता चाला थोडं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मिस्त्री पलंगावरून पाय खाली सोडून बसले आणि काचेच्या दाराकडे बघून त्यांनी हाक मारली. "मास्तर, आत या. तुमच्याशिवाय मिरवणूक निघत नाही."

धाकटा आत आला. त्याला पिशवीकडे बघायचा धीर होत नव्हता. मिस्त्रींनी त्याचा हात धरला आणि भरलेल्या पिशवीवर ठेवला. पिशवी कोमट होती. धाकट्याचा हात आधी कडक झाला आणि मग तिथेच थांबला.

"वाच. आकडे तुझ्या धंद्यातले आहेत."

"सातशे वीस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"तासाभरात किडनी आठशे करून दाखवते. आता रडायचं असेल तर तिकडे तोंड करून रड. तू रडलास की मला हसू येतं आणि हसलं की टाके दुखतात."

मग ते निघाले. सलाइनचा दांडा धाकट्याकडे, मिस्त्रींचा दुसरा हात बायकोच्या खांद्यावर आणि पिशवी मिस्त्रींनी स्वतः धरलेली, छातीएवढी वर. "खाली धरा काका, कमरेच्या खाली," सिस्टर मागून ओरडल्या, तशी त्यांनी ती नाइलाजाने खाली घेतली, पण लपवली मात्र नाही. बाकांवर बसलेले पेशंट, त्यांचे नातेवाईक, फरशी पुसणारी बाई, सगळे बघत होते. धाकट्याला आधी लाज वाटली आणि मग वाटेनाशी झाली. अकरा वर्षं तो दादाबरोबर चालताना अर्धं पाऊल मागे राहायचा. आज दांडा ढकलायचा म्हणून त्याला पुढे राहावं लागत होतं.

बोळाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आदबीने विचारलं, "किडनीचं होतं का?"

"हो," मिस्त्री थांबून म्हणाले. दम लागला होता, पण चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी आधी धाकट्याच्या पोटाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या.

"एक याच्याकडे आहे, एक माझ्याकडे. दोन्ही चालू आहेत."