आता नंबर मेलबर्नचा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा खेळ मला कधीही आवडला नाही. लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, प्रत्येक बाजूला अठरा माणसं आणि सगळी एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी अनीशला म्हटलं, "अरे, हा खेळ आहे की रॉकेलची रांग?" तो खो खो हसला. तो हसला म्हणून मी पुढे काही बोलले नाही, कारण त्या वर्षी आमच्या घरात हसणं बंद होतं.

अनीश माझा नवरा. आम्ही नागपूरहून न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आलो ते नव्याण्णव साली. तो एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यामागून बायकोच्या एच-फोरवर. म्हणजे एमएस्सी स्टॅटिस्टिक्सची पदवी बॅगेत आणि नोकरीची परवानगी नाही. ग्रीन कार्डची फाइल कुठेतरी पडून होती. त्याच्या ऑफिसातला रवी व्हिसाचा शिक्का मारून आणायला दोन आठवडे भारतात गेला आणि चार महिने तिथेच अडकला. परत आला तेव्हा नोकरी गेलेली. तेव्हापासून अनीशने जी धास्ती घेतली ती घेतलीच. फाइल सुटेपर्यंत अमेरिकेच्या बाहेर पाय टाकायचा नाही! दोन हजार दोनमध्ये माझे सासरे गेले, तेव्हाही तो गेला नाही. धाकट्या दिराने सगळं केलं, आणि हा इथे किचनमध्ये फोन कानाला लावून उभा. त्यानंतर तो जेवायचा, ऑफिसला जायचा, झोपायचा. बस.

शेवटी ऑफिसातल्या कॉलिन नावाच्या ऑस्ट्रेलियनाने त्याला ओढून मैदानावर नेलं. कॉलेजात अनीश व्हॉलीबॉल खेळायचा, उंच आहे, उडी चांगली. पडून, धडपडून, गुडघे फोडून घरी आला आणि दोन वेळचं जेवण एका वेळी जेवला. मी देवापुढे साखर ठेवली.

मग कॉलिनच्या मंडळींनी या खेळाचा आंतरराष्ट्रीय कप काढायचं ठरवलं. नियम असा, की ज्या देशाचा पासपोर्ट, त्या देशाकडून खेळायचं. अनीशने जवळच्या आयसेलिनपासून पार दक्षिणेतल्या अल्फारेटापर्यंत फोन करून करून एच-वनवाले अकराजण गोळा केले. टीमला तीसजण तरी लागतात. उरलेले कुठून आणायचे? तेव्हा मला राजाराम सर आठवले, शाळेतले आमचे पीटीचे सर, आता नागपूरच्या एका शाळेत होते. मी त्यांना दोन चेंडू आणि एक सीडी पाठवली. महिन्याभरात सरांनी कबड्डी आणि हँडबॉलची पोरं जमवली, आणि शाळेच्या मैदानावर बांबू रोवून चार खांब उभे केले. कॅप्टन केला वीर नावाच्या मुलाला, तो स्कूल व्हॅन चालवायचा. दर रविवारी प्रॅक्टिस संपली की मी फोन करायचे आणि सर एकेकाची प्रगती सांगायचे, जणू काही मी पालक सभेला आलेय.

तर अशी आमची इंडियाची टीम. अर्धी अमेरिकेत, अर्धी नागपुरात. बाकीच्यांना ऑफिसं होती, वेळ काय तो मला एकटीला, म्हणून कपच्या कमिटीवर इंडियाची प्रतिनिधी मी. सात देश, सात मतं. चेअरमन कॉलिन, त्याला मत नाही.

गोची पहिल्याच मीटिंगला झाली. कप कुठे घ्यायचा? न्यू जर्सीत घेतला तर आमचे अकराजण खेळणार, पण नागपूरच्या पोरांना अमेरिकेचा व्हिसा कोण देतो? मेलबर्नला घेतला तर तिथला एक क्लब पोरांना व्हिसासाठी पत्रं द्यायला, घरी ठेवून घ्यायला तयार होता. पण मग आमचे अकराजण देशाबाहेर पडणार नाहीत. माझा नवरा तर नाहीच नाही.

माझे वडील आमच्या गावच्या नगरपरिषदेत होते. तिकडे अशी गोची झाली की एकच उपाय. अडीच वर्षं तुम्ही अध्यक्ष, अडीच वर्षं आम्ही! मी लगेच तोच तोडगा मांडला. दर दोन वर्षांनी कप घ्यायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन हजार चारला न्यू जर्सी, सहाला मेलबर्न. गोरे लोक खूश. "ब्रिलियंट!" म्हणाले. त्यांना काय माहीत, की पहिली अडीच वर्षं घेणारा माणूस खुर्चीवरून कधीच उठत नाही. मला मात्र माहीत होतं. माझ्या बाबांना दुसरी अडीच मिळायची होती, त्यांनी नवा सफारी शिवून ठेवला होता आणि तो तसाच कपाटात राहिला. हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या बाईने पुन्हा तेच करावं म्हणजे कमाल आहे ना? पण मला वाटलं, इथे लिहून घेतात, इथे तसं होणार नाही.

सरांना मी फोनवर म्हटलं, "सर, पहिल्यांदा इकडे, पण दुसरा नंबर तुमचा. माझा शब्द."

सर म्हणाले, "अगं, तू आहेस ना तिकडे. मग आम्हाला काय काळजी."

चार साली पोरांनी तरीही व्हिसाचा प्रयत्न केला. चौदाजण मुंबईला इंटरव्ह्यूला गेले, तेराजणांना नकार. व्हिसा मिळाला एकट्या सरांना. ते आले नाहीत. "पोरांना सोडून मी एकटा तिथे येऊन काय टाळ्या वाजवू?" म्हणाले. आमच्या अकराजणांत इथल्या कॉलेजांतली काही भारतीय पोरं मिसळून कशीबशी टीम उभी राहिली. आणि अनीश? वर्षभर पहाटे धावलेला, भात सोडलेला अनीश पहिल्या मॅचला बाराव्या मिनिटाला खांद्यावर पडला. कॉलरबोन मोडलं. उरलेला आठवडा हात गळ्यात बांधून बाकावर बसला आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. ती केली असती तर बरं झालं असतं.

दुसरी मीटिंग दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये, नेवार्क एअरपोर्टजवळच्या हॉटेलात. शनिवारची दुपार. अनीशनेच मला गाडीने सोडलं. अजेंडा आम्ही दोघांनी आधीच वाचला होता. दर दोन वर्षांनी कप परवडत नाही, खेळाडूंना एवढी सुट्टी मिळत नाही, तेव्हा तो दर चार वर्षांनी घ्यावा आणि पुढचा थेट दोन हजार आठला, असा एक ठराव. जागा पुन्हा ठरवावी, असा दुसरा. म्हणजे लेखी नंबर मेलबर्नचा, पण तो आता नव्याने मागून घ्यायचा. आणि आठला ज्याचा हुकला त्याला थेट बारा साल. बारा साली अनीश पंचेचाळीसचा. वीर चौतिसाचा, आणि तोवर सर रिटायर झालेले, मग कोण त्या बांबूंकडे बघणार!

पार्किंगमध्ये गाडी थांबवून अनीश म्हणाला, "मेलबर्नला दे मत."

"आणि तू?"

"मी खेळलो ना."

"बारा मिनिटं!"

"कादंबरी, तू सरांना शब्द दिलायस. विषय संपला." एवढं म्हणून त्याने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. मोडलेल्या बाजूचा त्याचा हात आजही पूर्ण वर जात नाही. मी उतरले.

मी ठरवून गेले होते, हे मला शपथेवर सांगायचंय. वहीत भाषण लिहून नेलं होतं. पहिल्या ठरावाला मी एकटीने विरोध केला. म्हटलं, "दोन वर्षांनी हे आपलं ठरलेलं आहे, ते मोडू नका." कॅनडाचा माणूस फार प्रेमाने म्हणाला, की त्याच्या टीममधल्या मुलांना दोनदा पगारी रजा मिळत नाही. त्याचंही खरंच होतं. सहा विरुद्ध एक. कप चार वर्षांनी.

मग जागा. अमेरिकेचा माणूस उठून म्हणाला, मागच्या वेळचं मैदान, खांब, हॉटेल सगळं तयार आहे, नव्याने कशाला घाट घालायचा? तेव्हा मी उभी राहिले आणि बोलले. नागपूरच्या तेरा पोरांबद्दल बोलले, बांबूंच्या खांबांबद्दल बोलले. चांगलं बोलले, यार. जपानच्या माणसाने मान हलवली. आयर्लंडची बाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "शी इज राइट!" मी खाली बसले. पाणी प्यायले.

कॉलिन म्हणाला, "मेलबर्नच्या बाजूने हात वर."

जपान, आयर्लंड, डेन्मार्क. तीन. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हात वर गेला नाही असं म्हणणं सोपं आहे, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मीच तो उचलला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो किचनमधला माणूस उभा होता, कानाला फोन लावलेला. तीन वर्षांपूर्वीचा. या खेळाने त्याला तिथून बाहेर काढलं होतं. आता कप नाही म्हटल्यावर तो पहाटे उठणार नाही, भात सोडणार नाही, अल्फारेटाला फोन करणार नाही. मला तो पुन्हा तसा झालेला बघायचा नव्हता. बाकी काही कारण नाही. वीरला मी कधी बघितलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याला मी रोज बघत होते.

कॉलिनने विचारलं, "इंडिया?"

मी वहीत बघत बसले.

"न्यू जर्सीच्या बाजूने?"

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन. आणि मी. चार.

आयर्लंडच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, की मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पाच मिनिटांपूर्वी हिनेच भाषण केलं ना? जपानच्या माणसाने कागद गोळा केले आणि तो मला नमस्कार न करता गेला. कॉलिन मात्र नेहमीसारखा म्हणाला, "मिनिट्स रात्री सगळ्यांना ईमेल करतो, कोचनाही." मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, कुणी कुठे मत दिलं ते देशाच्या नावानिशी लिहितात. इथे लिहून घेतात याचं मला किती कौतुक होतं!

गाडीत बसल्यावर अनीशने विचारलं, "काय झालं?"

"न्यू जर्सी. चार विरुद्ध तीन."

त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने आनंद दाबायचा प्रयत्न केला, नाही असं नाही, पण बारा वर्षांचा संसार आहे, मला कळतं. "आठला मी एक्केचाळीसचा असेन," तो म्हणाला. "जमेल ना?" आणि मग दोन सिग्नल गेल्यावर एकदम, "चौथं मत कुणाचं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तो समजला. गराजमध्ये गाडी बंद करून म्हणाला, "मी सांगितलं होतं तुला." आवाजात राग होता. पण रविवारी पहाटे साडेपाचला मला बुटांचा आवाज आला. तो धावायला गेला होता.

मी नऊपर्यंत टाळलं. चहा दोनदा केला, दोनदा ओतला. मग कॉलिंग कार्डचा नंबर दाबला. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सर, मला माफ करा. सर, मी शब्द मोडला. सर, तुम्ही मला वाट्टेल ते बोला, पण बोला.

तिकडे संध्याकाळ होती. प्रॅक्टिस नुकतीच संपलेली, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"बोल, कादंबरी," सर म्हणाले. "अगं, मिनिट्स आले. सकाळी कॅफेत जाऊन वाचले मी. दोनदा वाचले."

"सर, मी..."

"थांब, माझं ऐक आधी. मी पोरांना सांगितलंय." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, हजेरी घेतल्यासारखा. "म्हटलं, आपली ताई एकटी सहाजणांशी भांडली. शेवटपर्यंत भांडली. एका मताने गेलं. तिथे तिचा इलाज नव्हता."

"सर, तसं नाहीये. तुम्ही वाचलंत ना..."

"वाचलं, बाळा. पण आठला पुन्हा व्हिसाला जायचं तर या पोरांना पुढची तीन वर्षं रोज संध्याकाळी इथे उभं करायचंय मला. कुणावर तरी विश्वास ठेवायला नको का त्यांनी?" मग म्हणाले, "हा घे, वीर इथेच आहे. त्याला बोलायचंय तुझ्याशी."

"नको, सर, प्लीज..."

पण फोन हातातून गेला होता. धाप लागलेला एक तरुण आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, वीर बोलतोय. सरांनी सांगितलं सगळं. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत. पोरं म्हणतायत, ताईंना थँक यू सांग."

मागे गलका थांबला होता. सगळे ऐकत असावेत.

"हो रे वीर," मी म्हटलं. "खूप प्रयत्न केला मी."