जेवणाआधीचं पुटपुटणं

“अगं बाई, हे काय? कॉफीला सलाईन लावलंय का?”

सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. समोरच्या काचेच्या पेल्यावर पत्र्याची एक बुटकी गाळणी बसवली होती आणि तिच्यातून काळीभोर कॉफी थेंबाथेंबानं खाली उतरत होती. तळाशी आटवलेल्या गोड दुधाचा जाड थर. थेंब त्यावर पडायचा, जरा थबकायचा आणि मग निमूटपणे बुडायचा.

“थांबायचं असतं, आई,” सून म्हणाली. “ती आपली आपण उतरते.”

“ती खाली उतरेल तोवर माझी वर जायची वेळ होईल!”

सून हसली नाही. सिस्टरनी थट्टा केली होती ती तिला हसवायलाच. निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली, तरी गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना सिस्टरच म्हणे. “माझ्या वॉर्डात उपाशीपोटी कुणी झोपलं नाही,” हे त्या अभिमानानं सांगत, आणि ते खरंही होतं. रुसलेला, घाबरलेला, आज जातो की उद्या अशा अवस्थेतला, कुणीही असो, सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या की त्याच्या पोटात चार घास जायचेच. माणसाच्या मुखी घास घालणं ही त्यांची पूजा होती.

आणि आता घरातलीच सून डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

ती व्हिएतनामची. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या कामाला म्हणून आली. तिथला बॉयलरचा पंप दुरुस्त करायला गेलेल्या सिस्टरच्या मुलाच्या नजरेत भरली आणि या घरची झाली. भाषा शिकली, स्वयंपाक शिकली, पण बोलणं मोजकंच. “गरीब गाय आहे हो,” सिस्टर कौतुकानं म्हणायच्या. महिन्यापूर्वी तिकडे तिची आई अचानक गेली. निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, म्हणून जाणं राहिलं. ती रडलीही फारशी नाही. फक्त जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, चिवडायची, उठायची. तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही. मग परवा मुलगा एका नव्या खानावळीतला पंप दुरुस्त करून आला तो ओरडतच, “आई, तिच्या गावचं जेवण मिळतं तिथे! तू घेऊन जा तिला. माझ्यासमोर नाही म्हणेल, तुझ्यासमोर नाही म्हणायची छाती नाही तिची.”

म्हणून दोघी इथे आल्या होत्या. दुपार उलटलेली, गिऱ्हाईक नव्हतं.

एवढ्यात आतून पळी हातात घेऊन मालकीण बाहेर आली. ठेंगणी, सुरकुतलेली, डोळे मात्र लकाकणारे. सुनेकडे बघून तिनं काहीतरी विचारलं. सुनेनं उत्तर दिलं, आणि धरणाचं दार उघडावं तशी सून बोलू लागली. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींचं ऐकतही होत्या. सुनेचा आवाज चढला, हात नाचले. मालकिणीनं पळीतलं काहीतरी चाखायला दिलं, तर हिनं नाक मुरडलं, तिला दटावलं, आणि टेबलावर थाप मारून खदखदून हसली.

सिस्टर बघतच राहिल्या. ही आपलीच ना?

“मावशी, तुमची सून भारी बडबडी आहे हो,” मालकिणीचा मुलगा भांडी पुसत म्हणाला. आचारी तोच, रस्सा तेवढा आईच्या हातचा. आडदांड, जन्म इथलाच, बोलणं आपल्यासारखंच. “आईला म्हणते, कांदा अजून भाजायला हवा होता, घाई केलीस. अहो, माझ्या आईला असं बोलायची माझी हिंमत नाही!”

“आमची? बडबडी?” सिस्टर म्हणाल्या. “छे हो. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय.”

वाडगे आले. तांदळाच्या पांढऱ्या चपट्या शेवया, कोंबडीचे तुकडे, वर हिरवा पाला, आणि सगळ्यावरून आल्याचा नि दालचिनीचा दरवळ. सुनेनं वाफेत तोंड धरलं, डोळे मिटले. चमचा उचलला. सिस्टरनी श्वास रोखला.

तिनं चमचा खाली ठेवला.

पालथ्या घड्यावर पाणी! सिस्टरना भडभडून आलं. त्या काही बोलणार, तोच शेजारच्या टेबलावर मायलेक आपला भात घेऊन बसले. आडदांड लेकानं मान जराशी झुकवली आणि हलकेच म्हणाला, “कोन मोय मे आन कम.”

सिस्टर चमकल्या. हेच! लग्न होऊन आली तेव्हापासून सून जेवणाआधी पुटपुटायची ते हेच. तिच्या देवाची प्रार्थना. सिस्टर तेव्हा डोळे मिटून हात जोडत. देव कुणाचाही असो, नमस्कार आपला. “नाव घेतल्याशिवाय घास घेत नाही माझी सून,” असं शेजारणींना किती वेळा सांगितलं असेल. सवयीनं त्यांचे हात आताही जोडले गेले.

“मावशी, हात कशाला जोडता?” आचाऱ्यानं विचारलं.

“तुम्ही प्रार्थना म्हटलीत ना.”

“प्रार्थना?” तो हसू लागला. “अहो, मी आईला म्हटलं, आई, जेवायला घ्या. घरातल्या धाकट्यानं मोठ्यांना म्हणायचं असतं. मोठ्यांनी ‘हो, जेव बाळा’ म्हटलं की मग आपण खायचं. त्याशिवाय घास उचलायचा नाही.”

सिस्टरचे जोडलेले हात तसेच राहिले. म्हणजे देवाला नव्हे? मला?

“पोरी,” त्या सुनेकडे वळल्या. “तू मला बोलावत होतीस?”

सुनेनं वाडग्यात बघतच मान हलवली.

“आणि मी काय करत होते?”

“हात जोडत होतात.”

“तुला काय वाटलं गं?”

“आधी वाटलं, तुम्ही रागावलात. ‘बाई, पुरे कर’ म्हणताय.” ती शांतपणे सांगत होती, तक्रार नव्हतीच त्यात. “म्हणून हळू म्हणायला लागले. मग नुसते ओठ हलवायचे.”

“अगं, मग सांगायचंस की!”

“आई, ‘मला जेव म्हणा’ असं कुणी मागून घेतं का?” ती थांबली. “आणि माझं अडत नव्हतं. कारखान्यात डबा उघडला की मी आईला फोन लावायचे. तिला म्हणायचे. ती म्हणायची, जेव बाळा. मग दिवसभराचं जेवण गोड लागायचं.”

आता तो फोन उचलणारं कुणी नव्हतं. ते तिनं सांगितलं नाही, सांगायला लागलंच नाही. परक्या माणसांना चमच्यानं भरवत त्यांनी जन्म काढला, आणि घरातलं पोर रोज दोन वेळा जणू दारात उभं राहून विचारत होतं, येऊ का? देवाला म्हणून नमस्कार घातला आणि हाक मारणाऱ्या पोरीला उत्तर दिलं नाही!

मालकिणीनं मुलाला काय झालं ते विचारलं. ऐकून ती उठली, लेकासकट आपला भात घेऊन यांच्याच टेबलाशी येऊन बसली आणि सिस्टरना काहीतरी विचारू लागली.

“वय विचारतेय,” आचारी ओशाळून म्हणाला. “आमच्यात विचारतात हो, म्हणजे कुणाला काय म्हणायचं ते कळतं.”

सिस्टरनी सांगितलं. मालकिणीनं मान डोलावली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“तुम्ही मोठ्या निघालात. आई तुम्हाला ताई म्हणणार आता.”

सुनेनं मान वर केली. मग किती तरी दिवसांनी मोठ्यानं, ऐकू येईल असं, ती म्हणाली, “कोन मोय मे आन कम.”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “हो गं बाळा. जेव.”

पण कुणीच जेवेना. मालकिणीच्या जेवायच्या काड्या हवेत थबकलेल्या, आचाऱ्याचा घास हातातच, सुनेच्या हातात चमचा. तिघंही सिस्टरकडे बघत होती. टेबलावर त्याच थोरल्या. त्यांनी सुरुवात करायची होती.

सिस्टरनी चमचा भरून तोंडात घातला. घास काही केल्या खाली उतरेना. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळे उघडे ठेवले आणि तो गिळला.

शेजारी सुनेनं शेवया ओढल्याचा आवाज झाला.