आई गं म्हणजे पास दे

चेंडू पायात आला की हा पठ्ठ्या कुणाला ऐकायचा नाही. पण तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ बसायची. आता फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळायचं म्हणजे निम्मं काम पायांचं आणि निम्मं तोंडाचं. चेंडू कुणी सोडायचा, कुणी धरायचा, हे मधल्यानेच ओरडून सांगायचं असतं. आणि हा ओरडणार कसा? परदेशातल्या या क्लबात येऊन आठ महिने झाले, तिथल्या भाषेतले शब्द रोज घोकले, पण ऐन वेळी शब्द आठवेपर्यंत चेंडू पार पलीकडे गेलेला असायचा.

मग एका सामन्यात कुणीतरी त्याच्या घोट्यावर सणसणीत लाथ हाणली आणि तो कळवळून ओरडला, "आई गं!" कडेने धावणाऱ्या विंगरला वाटलं, हा चेंडू मागतोय. त्याने दिला. याने तसाच लंगडत हाणला आणि गोल! झालं. त्या दिवसापासून "आई गं" म्हणजे "मला पास दे" असं अख्ख्या संघाने ठरवून टाकलं. त्याने दहादा समजावलं, की अरे बाबांनो, दुखलं की म्हणतात असं. कोण ऐकतंय! शेवटी त्यानेही नाद सोडला आणि खुशाल तेच ओरडायला लागला.

खूश नव्हता तो एकटा कोच. मोसमाचा शेवटचा सामना जवळ आला तसं त्याने याला खोलीत बोलावलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पुढच्या वर्षी नवे खेळाडू येतील. त्यांना तुझं हे ओरडणं कळणार नाही. या सामन्यात आमच्या भाषेत बोललास तर नवा करार. नाहीतर घरी."

त्याच सामन्याला नेमकी आई आली. शाळेचे गणवेश शिवणारी बाई, पहिल्यांदाच विमानात बसलेली. पोराने तिला खेळाडूंच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या पहिल्या रांगेत बसवलं. तिच्या आणि मैदानाच्या मध्ये गुडघाभर उंचीची फळी तेवढी होती.

सत्तर मिनिटं झाली तरी दोन्हीकडे शून्य. कोचचं बोलणं डोक्यात घोळत होतं, पण जीभ काही वळेना. तेवढ्यात त्याला मोकळी जागा दिसली आणि सवयीने तोंडातून निघालंच, "आई गंऽऽ!"

"आले रे, आले!" फळी ओलांडून, चपला हातात घेऊन आई थेट मैदानात. पंचांनी शिट्टी फुंकली. बावीसच्या बावीस जण जागच्या जागी उभे.

"कुठं लागलं? दाखव पाय."

"कुठंच नाही गं! मी पास मागत होतो."

"पास मागायला आईला हाका मारतात होय रे?" आईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पाराही चढला. "इथं माझ्या काळजाचं पाणी झालं! परत ओरडलास तर परत येईन, सांगून ठेवते."

आणि ती येणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आली का पंचाईत! खेळ सुरू झाला, पाचव्या मिनिटाला पुन्हा जागा दिसली, "आ..." ओठांवर आलं, त्याने ते गिळलं, आणि आठ महिने अडकून बसलेला त्यांच्या भाषेतला शब्द धाडकन बाहेर पडला. विंगर दचकलाच, पण पास बरोबर आला. मग काय, तोंडाचा पट्टा सुरू! तू पुढे हो, तू थांब, अरे गाढवा, मागे माणूस आहे. व्याकरणाचा पार बट्ट्याबोळ, पण सगळं त्यांच्या भाषेत. शेवटच्या मिनिटाला त्याने ओरडून विंगरला डावीकडे पिटाळलं, नेमका पास दिला आणि गोल झाला.

सामना संपल्यावर कोच तडक आईसमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ काहीबाही बोलला.

"काय म्हणतोय? रागावलाय का?"

"दोन वर्षांचा करार देतोय, आई!" पोराला आनंदाने धड बोलता येईना. "म्हणतो, त्याला आठ महिन्यांत जमलं नाही ते तुम्ही पाच मिनिटांत केलंत."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडलीच. दोन वर्षं म्हणजे पोरगं आणखी दोन वर्षं लांब. पण जिथं राहायचं तिथं आता मुक्यासारखं तरी राहणार नव्हतं. तिला रडताना बघून कोच गडबडला आणि तिला हसवायला आणखी काहीतरी पुटपुटला.

"आता काय?"

"विचारतोय, आता तुमच्या या पोराला गप्प कसं करायचं?"

पदराने डोळे पुसत आई म्हणाली, "त्याला सांग, ते मला अजून जमलेलं नाही."