शेजारचा उतार

बर्फाचा कडा कोसळून गेल्यावर मागे काय खुणा उरतात, ते रॉन आम्हाला दाखवत होता. आम्ही म्हणजे मी आणि रुपाली. रॉन जंगल खात्याचा. आदल्याच दिवशी त्याच्या माणसांनी माझ्या मित्राला, म्हणजे रुपालीच्या बाबांना, बर्फातून उपसून काढलं होतं. प्रतापची मांडी मोडली, जीव वाचला. अपघाताची नोंद करायला आम्ही दोघं कोलोरॅडोतल्या त्या खोऱ्यात परत आलो होतो.

पायथ्याशी बर्फाची ढेकळं पसरली होती. वर, सुरीनं वडी कापावी तशी सरळ कड. "इथून तुटला," रॉन म्हणाला. मग त्यानं स्कीची काठी शेजारच्या उतारावर रोखली. तिथंही तशीच कड, तशीच ढेकळं. "हा तुमच्या अपघाताच्या आदल्या दिवशी कोसळलाय. तोंड त्याच दिशेला. हे बघून कोणी इथं चढलं नसतं. तुम्हाला दिसलं नाही?"

दिसलं होतं. आधी रुपालीला, मग मलाही.

रुपाली एकोणीस वर्षांची, इथंच जन्मलेली. काल सकाळी ती थबकली. "काका, लुक. ती स्लोप नुकतीच स्लाइड झालीये. लेट्स गो बॅक." मी बर्फ कोसळण्याच्या धोक्यांवरचा दोन दिवसांचा कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट चार पॉटलक जेवणांमध्ये मिरवलेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा म्हणतात तो मीच. म्हणालो, "मोठ्यांना शिकवू नये, रुपाली. कोर्स मी केलाय." प्रताप हसला, "ऐक गं काकांचं." मी हळूच तिकडे बघितलं आणि ती ताजी कड मलाही दिसली. पण पोरीच्या सांगण्यावरून मागे फिरायचं? त्यापेक्षा मी प्रतापला पुढे घातलं.

"धुकं होतं," मी रॉनला सांगितलं.

त्यानं लिहून घेतलं. काल आभाळ निळंभोर होतं, हे रुपालीला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, पण एक शब्द बोलली नाही. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे मीच तिला शिकवलं होतं. मला इतकी लाज वाटली की परतताना तिच्या पुढे चालवेना, मागेही राहवेना.

दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलो. प्रतापचा पाय वजन लावून टांगलेला. सुलेखावहिनींनी मला बघताच डोळे पुसले. "भावजी, तुम्ही होतात म्हणून हे दिसतायत." थर्मासमधला चहा त्यांनी माझ्या हातात दिला आणि लेकीकडे वळल्या. "काकांचं ऐकत जा गं जरा. सारखं आपलं आर्ग्यू करायचं!"

"ऐकलं ना, आई," रुपाली म्हणाली.

प्रताप छताकडे बघायला लागला. त्यालाही सगळं आठवत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "हिनं आम्हाला आधीच सांगितलं होतं. मी हिला गप्प बसवलं. आणि आज त्या रॉनला खोटं सांगून आलोय."

वहिनींनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

रुपालीनं खुर्चीवरचा कोट उचलून माझ्यासमोर धरला.

"चला काका. रॉनचं ऑफिस पाचला बंद होतं."

या वेळी मी तिचं ऐकलं.